हळद-ज्येष्ठमधाचं घरगुती क्रीम पावसाळ्यात का बिघडतं, आणि ते विकायचं असेल तर सुरुवात कुठून करावी

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. सासूबाईंच्या पद्धतीने त्या हळद, कडुलिंबाचा पाला आणि ज्येष्ठमध यांचा काढा करतात. तो गाळून त्यात ताज्या कोरफडीचा गर घालतात, मग इमल्सिफायिंग वॅक्स (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारं मेण) आणि खोबरेल वितळवून हँड ब्लेंडरने क्रीम फिरवतात. मैत्रिणींना ते आवडतं, मागणीही येते. पण जून लागला की आठवड्या-दोन आठवड्यांत क्रीम तपकिरी पडतं, आंबूस वास येतो आणि झाकणाच्या आतल्या कडेला काळे ठिपके धरतात. त्यांना हवंय एक नैसर्गिक प्रिझर्वेटिव्ह. किती घालू म्हणजे वर्षभर टिकेल, आणि डबीवर ‘केमिकल फ्री’ लिहिता येईल, असं त्या विचारतात.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार आहे, पण थोडं पुढे गेल्यावर. कारण बुरशी ही तुमच्या क्रीमची एकच अडचण आहे आणि ती डोळ्यांना दिसते म्हणून तुम्हाला तीच मोठी वाटते. न दिसणारी अडचण अशी की त्या डबीत ज्येष्ठमधाचं, हळदीचं नेमकं काय उतरलंय, किती उतरलंय आणि महिन्याभराने त्यातलं किती शिल्लक राहतं, हे तुम्हालाच माहीत नाही. ते ठरल्याशिवाय प्रिझर्वेटिव्ह निवडताच येत नाही. मी मुंबईत त्वचेवर लावायच्या उत्पादनांच्या फॉर्म्युलेशनचं काम बरीच वर्षं करतेय. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरगुती पाककृती याच ठिकाणी अडतात. झाडं चांगली असतात, भावना चांगली असते, फक्त त्या झाडातला कोणता पदार्थ आपल्याला हवाय हे कुणी ठरवलेलं नसतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तुम्ही मैत्रिणींपुरतं करणार की दुकानात ठेवणार, क्रीम चेहऱ्यासाठी आहे की भेगाळलेल्या टाचांसाठी, वापरणाऱ्यांची त्वचा तेलकट की कोरडी, आणि चाचण्यांवर खर्च करायची तयारी किती, यावर उत्तर बदलतं. पुढचं सगळं मी असं धरून लिहितेय की तुम्हाला हे खरंच विकायचं आहे.

ज्येष्ठमधापासून सुरू करू, कारण तुमच्या चार घटकांत तोच सगळ्यात जास्त शिकवतो. ज्येष्ठमधाची मुळी चघळली की जी गोडी लागते ती ग्लिसिरायझिनची. ते पाण्यात सहज उतरतं, त्यामुळे तुमच्या काढ्यात ते भरपूर असतं. लालसरपणा, जळजळ शमवण्यासाठी ते उपयोगी आहे. पण ज्येष्ठमध ज्यासाठी लोकांना हवा असतो, म्हणजे काळे डाग फिके होण्यासाठी, त्यामागे मुख्यतः ग्लॅब्रिडिन नावाचा दुसराच पदार्थ आहे. त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या टायरोसिनेज या एन्झाइमला तो अडवतो. मुळीत तो अगदी थोडा असतो, अर्धा टक्काही नाही, आणि पाण्यात तो जवळपास विरघळत नाही. म्हणजे तुम्ही तासभर काढा उकळता, वस्त्रगाळ करता आणि जो चोथा कुंडीत टाकता, त्या चोथ्यातच ग्लॅब्रिडिन निघून जातं. तुमचं क्रीम डागांवर फारसं चालत नाही असं एक-दोघींनी सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. त्यामागचं कारण बहुधा हेच.

आता दुसरी बाजू बघा. त्वचेचा सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर फार पातळ असतो, बऱ्याच ठिकाणी १० ते २० मायक्रॉन. पण आत जायचं तर तीच खरी भिंत. २००० साली मांडला गेलेला एक ठोकताळा आम्ही रोज वापरतो: ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) मोठा रेणू निरोगी त्वचेतून सहसा आत शिरत नाही. ग्लॅब्रिडिन साधारण ३२४, हळदीतलं कर्क्युमिन ३६८. दोन्ही तेलाकडे ओढ असलेले, म्हणजे आत जाण्याजोगे. ग्लिसिरायझिन ८२०च्या पुढे, म्हणून ते बहुतेक वरच राहणार. याचा अर्थ ते निरुपयोगी असा मुळीच नाही. वरच्या थरावर काम करायचं असेल तर वरच राहिलेलं बरं. शिवाय त्वचा फुटलेली, सोललेली असेल तर हा हिशोबच बदलतो. पण ‘डाग जातात’ म्हणायचं आणि डबीत फक्त ग्लिसिरायझिन ठेवायचं, हे जमणार नाही. आधी काम ठरवा. कामावरून पदार्थ ठरतो, पदार्थावरून द्रावक, आणि बेस त्यानंतर.

हळदीचंही तसंच. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तुमच्या काढ्यातला पिवळेपणा म्हणजे बराचसा तरंगणारा बारीक गाळ आहे, तो नंतर डबीच्या तळाशी बसतो. त्याहून महत्त्वाचा आहे पीएच, म्हणजे आम्ल-क्षारतेचं माप: ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, वर क्षारीय. लग्नातल्या हळदीचा पिवळा डाग साबण लावताच लाल होतो, हे आपल्या घरात सगळ्यांनी पाहिलेलं असतं. हळकुंडाला टाकणखार किंवा चुना देऊन कुंकू करतात तेही याच जातीचं रसायन. साबणाच्या क्षारात हळदीचं कर्क्युमिन नुसतं रंग बदलत नाही, ते तुटायलाही लागतं. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ७.२ पीएचच्या द्रावणात, शरीराच्या तापमानाला, शुद्ध कर्क्युमिनचा जवळपास ९० टक्के भाग अर्ध्या तासात नष्ट झाला होता. ७.२ म्हणजे काही फार क्षारीय नव्हे, जेमतेम उदासीनच्या वर. तेलाच्या थेंबात बसलेलं कर्क्युमिन इतक्या झपाट्याने जात नाही, पण दिशा तीच. त्यात उजेड पडला की रंग उडतो. तुम्ही पारदर्शक काचेची डबी वापरता, ती दिसायला सुरेख असली तरी हळदीसाठी घातक आहे. अॅल्युमिनियमची ट्यूब किंवा अपारदर्शक पंपाची बाटली घ्या, आणि क्रीमचा पीएच ५ ते ५.५ ठेवा. त्वचेचा स्वतःचा पीएचही त्याच्याच आसपास असतो.

कोरफडीबद्दल दोन गोष्टी सांगते. पान कापल्यावर कडेने जो पिवळा चीक येतो त्यात अॅलॉइन असतं, ते काहींच्या त्वचेला झोंबतं. पान कापून उभं ठेवा, चीक पूर्ण गळू द्या, मगच गर काढा. आणि गर म्हणजे ९८-९९ टक्के पाणीच, उरलेल्यात साखरेच्या जातीचे पदार्थ. ताजा गर न तापवता क्रीममध्ये घालणं म्हणजे जंतूंसाठी पाणी आणि खाऊ दोन्ही मांडून ठेवणं. विक्रीच्या मालात आम्ही ताजा गर वापरत नाही. २००:१ प्रतीची कोरफड पावडर मिळते. ती ०.५ टक्का घातली की मूळ गराइतकं प्रमाण होतं आणि जंतूंचा हिशोब हातात राहतो.

इथे एक खोडी लक्षात ठेवा, कारण पुढेमागे तुम्ही क्रीम सोडून जेलकडे वळाल. कार्बोमरचं (जेल घट्ट करणारी एक पावडर) सुंदर, पारदर्शक जेल बनवलं आणि त्यात काढा ओतला की ते डोळ्यांदेखत पातळ होतं. घट्ट, चमच्याला धरून राहणारं जेल ढवळता ढवळता सरबतासारखं वाहायला लागतं. लोक समजतात माल भेसळीचा निघाला. दोष काढ्यातल्या क्षारांचा असतो. वनस्पतींच्या पाण्याच्या अर्कात पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात आणि कार्बोमरला क्षार सोसत नाहीत. अशा वेळी झँथन गम किंवा हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोज घ्या. ती तितकी चकचकीत दिसत नाहीत, पण टिकतात.

आता प्रिझर्वेटिव्ह, म्हणजे तुमचा मूळ प्रश्न.

तुम्हाला कुणी तरी सोडियम बेन्झोएट ०.५ टक्का सुचवलंय. पदार्थ वाईट नाही, लोणच्या-सरबतात तो चालतोच. पण बेन्झोएट जंतूंना मारतं ते त्याच्या आम्ल रूपात, आणि ते रूप किती असेल हे पीएचवर ठरतं. पीएच ४.२ असेल तर निम्मं बेन्झोएट कामाच्या रूपात असतं. ५.२ला जेमतेम ९ टक्के. ६.२ला १ टक्का. तुमच्या क्रीमचा पीएच तुम्ही ६.५ मोजलात असं लिहिलंय. तिथे बेन्झोएट घालणं आणि न घालणं जवळपास सारखंच. मग म्हणाल, सायट्रिक आम्ल घालून पीएच खाली आणते. करून बघा: वाटीभर गाळलेला ज्येष्ठमधाचा काढा घ्या, चिमूटभर सायट्रिक आम्ल टाका आणि ढवळा. स्वच्छ तपकिरी काढा गढूळ होतो, थोड्या वेळाने खाली चिकट साका बसतो. तो साका म्हणजेच तुमचं ग्लिसिरायझिन. आम्लात ते विरघळलेलं राहत नाही. काढ्यातून ते वेगळं काढण्याची जुनी पद्धतच ही आहे. म्हणजे बेन्झोएटला जिथे काम करता येतं तिथे तुमचा औषधी पदार्थ बाहेर पडतो, आणि पदार्थाला जिथे राहायला आवडतं तिथे बेन्झोएट झोपलेलं असतं. वनस्पती माहीत नसताना प्रिझर्वेटिव्ह सांगता येत नाही असं मी वर म्हटलं ते यासाठी.

मग काय घालायचं? पाणी आणि तेल दोन्ही असलेल्या, ५.५ पीएचच्या क्रीमला मी फिनॉक्सीइथेनॉल निवडेन. त्याचं काम पीएचवर फारसं अवलंबून नसतं. जास्तीत जास्त मर्यादा १ टक्का. बुरशीवर ते एकटं थोडं कमी पडतं, म्हणून सोबत इथाइलहेक्झिलग्लिसरिन असलेलं तयार मिश्रण घ्यावं, आणि धातूंचे अंश बांधून ठेवायला थोडं ईडीटीए. वॅक्स कोणतं आहे तेही तपासा. पॉलिसॉर्बेटवर आधारलेलं असेल तर पॅराबेन जातीची प्रिझर्वेटिव्ह त्यात अडकून बसतात आणि पाण्यातल्या जंतूंपर्यंत पोचतच नाहीत.

व्हिटॅमिन ई, द्राक्षाच्या बियांचं तेल, लवंग तेलाचे चार थेंब हे प्रिझर्वेटिव्ह म्हणून सुचवले जातात. व्हिटॅमिन ई तेल खवट होऊ देत नाही, जंतूंशी त्याचा संबंध नाही. लवंग तेल जंतू मारतं हे खरं, पण मारण्याइतक्या प्रमाणात ते चेहऱ्यावर लावलं तर चेहरा भाजेल. नुसतं उकळणंही पुरत नाही. हळद आणि ज्येष्ठमध जमिनीखालून येतात, त्यांच्यावर मातीतल्या बॅसिलस जातीच्या जंतूंची बीजाणू असतात आणि ती उकळत्या पाण्यातूनही जिवंत सुटतात. काढा थंड झाला, डबीत बसला, की ती जागी होतात. तुमची डबी आठवडाभर ठीक राहून मग एकदम बिघडते, त्याचं हे एक कारण असू शकतं. दुसरं कारण म्हणजे ओली बोटं. अंघोळ करून आल्यावर बोट बुडवलं की पावसाळ्यात झाकणाखाली पाणी राहतंच. ट्यूबमुळे हा प्रकार पुष्कळ कमी होतो.

‘केमिकल फ्री’ लिहू नका, ताई. इमल्सिफायिंग वॅक्स घातलं त्याच क्षणी ते खोटं झालं, आणि बुरशी आलेली डबी प्रिझर्वेटिव्ह असलेल्या डबीपेक्षा कितीतरी जास्त धोकादायक असते. चेहऱ्यावर मुरुम फुटलेल्या जागी तुम्ही स्यूडोमोनास हा संसर्ग करणारा जंतू लावताय अशी कल्पना करा. मला या बाबतीत मधला मार्ग दिसत नाही.

इथवरचं थोडक्यात म्हणजे, काम ठरवा, त्यासाठीचा पदार्थ ठरवा, तो कोणत्या पीएचला आणि कशात टिकतो ते बघा, आणि त्या पीएचला काम करणारं प्रिझर्वेटिव्ह निवडा. तुमच्या डबीतल्या चार वनस्पतींच्या चार वेगळ्या अटी आहेत. म्हणून माझा आग्रह आहे की पहिल्या उत्पादनात एकच वनस्पती ठेवा, फार तर दोन. कडुलिंब तर तूर्त वगळाच. पाल्याच्या काढ्याने क्रीमला हिरवट-तपकिरी रंग येतो आणि तो महिन्याभरात बदलतो. ग्राहकाला ते क्रीम बिघडल्यासारखंच दिसतं.

पण प्रिझर्वेटिव्ह नकोच असा तुमचा ठाम विचार असेल, तर त्यालाही प्रामाणिक वाट आहे. ती आपल्याच वैद्यांनी घालून दिलेली आहे: पाणी ठेवायचंच नाही. तैलपाकाचं, म्हणजे वनस्पती घालून औषधी (सिद्ध) तेल करण्याचं प्रमाण तुम्ही ऐकलं असेल, कल्क म्हणजे वाटलेल्या वनस्पतीचा गोळा एक भाग, तेल चार भाग, काढ्यासारखा द्रव सोळा भाग. मंद आचेवर ते आटवत न्यायचं. शेवटाकडे आलं की कल्क चमच्यावर घेऊन दोन बोटांत वळून बघायचा. त्याची वात वळली पाहिजे, बोटांना चिकटता कामा नये. ती वात ज्योतीवर धरली तर तडतड आवाज येता कामा नये. तडतडली म्हणजे आत पाणी आहे, अजून आटवा. तेलावर फेस येऊ लागतो, तीही खूण. मला या परीक्षांचं नेहमीच अप्रूप वाटत आलंय. न तडतडणारी वात म्हणजे कोणतंही उपकरण न वापरता केलेली पाण्याची चाचणी आहे. पाणी नाही तिथे बुरशी वाढत नाही, आणि म्हणूनच सिद्ध तेलांना वेगळं प्रिझर्वेटिव्ह लागत नाही. शिवाय तेलात ग्लॅब्रिडिन आणि कर्क्युमिन यांचा काही अंश तरी उतरतो. पाण्याच्या काढ्यात तर ते जवळजवळ येतच नाहीत.

या सिद्ध तीळ तेलाचं बाम करता येईल. प्रयोगासाठी प्रमाण देते: सिद्ध तेल ६४.५ टक्के, कोकमाचं तेल २०, मधमाशीचं मेण १५, व्हिटॅमिन ई ०.५. कोकणात ज्याला भिरंडेल किंवा मुठेल म्हणतात तेच हे कोकमाचं तेल, टाचांच्या भेगांना आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लावतात. ते साधारण ४० अंशांच्या आसपास वितळतं, मेण ६२-६४ अंशांना, त्यामुळे मे महिन्यात टेम्पोतून डबा गेला तरी बाम तेलासारखं वाहत नाही. वितळवल्यावर ढवळत ढवळत लवकर थंड करा, नाहीतर दाणे पडतात. हे टाच, कोपर, ओठ, हातांच्या फुटलेल्या त्वचेसाठी उत्तम. मुरुमं येणाऱ्या तेलकट चेहऱ्याला मात्र देऊ नका. मुंबईच्या दमट हवेत तो थर कुणालाच आवडणार नाही.

चेहऱ्यासाठी डागांवरचं क्रीमच करायचं ठरलं तर ग्लॅब्रिडिन घरी काढायच्या मागे लागू नका. त्याला अल्कोहोलसारखा द्रावक लागतो, आणि महाराष्ट्रात रेक्टिफाइड स्पिरिट बाळगायला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. प्रमाणित अर्क विकत घ्या. तो घेताना विक्रेता ‘१०:१ अर्क’ म्हणाला तर समाधान मानू नका. दहा किलो मुळीचा एक किलो अर्क झाला, एवढंच ते सांगतं. मुळी जुनी असेल, द्रावक पाणी असेल, तर त्या एका किलोत ग्लॅब्रिडिन शून्यही असू शकतं. विश्लेषण प्रमाणपत्र मागा. त्यावर ग्लॅब्रिडिन किती टक्के, कोणत्या पद्धतीने मोजलं, द्रावकाचे अवशेष, शिसं, आर्सेनिक, पारा, कॅडमियम आणि जंतूंची संख्या असायला हवी. माल्टोडेक्स्ट्रिनवर वाळवलेला अर्क आहे का तेही विचारा. ते पिठूळ भरण आहे, अर्कही विरळ होतो आणि जंतूंचीही सोय होते. हळदीच्या बाबतीत शिशाचा आकडा नीट बघा, कारण रंग उठावदार दिसावा म्हणून लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार घडलेले आहेत.

काष्ठौषधींच्या दुकानातून कच्ची वनस्पती घेत असाल तर ओळख पटवून घ्या. पुढे तुम्ही ‘ब्राह्मी’कडे वळाल हे मला दिसतंय, कारण त्वचा भरून येण्यासाठी तिचं नाव सध्या सगळीकडे आहे. ते काम ज्या एशियाटिकोसाइडचं, ते मंडूकपर्णीत असतं, आणि ब्राह्मी मागितल्यावर बाजारात कधी मंडूकपर्णी देतात तर कधी बाकोपा ही वेगळीच वनस्पती. बाकोपात एशियाटिकोसाइड नसतं. धोबीतलावला सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे. फुला-पानांसकट नमुना नेला तर तिथे वनस्पती नेमकी कोणती ते कळू शकतं. वाळलेला चुरा घेऊन गेलात तर कुणालाच नीट सांगता येत नाही, म्हणून चुरा विकत घेऊच नका.

सुरक्षिततेबद्दल मला काळजी वाटते ती ‘झाडपाल्याने काय होणार’ या वाक्याची. बिब्बा उतून अंगावर फोड आलेला माणूस आपल्या प्रत्येकाच्या गावात असतो, आणि बिब्बा झाडालाच लागतो. तुम्हाला एकींनी बावची घालायला सुचवलंय, ती मुळीच घालू नका. बावचीच्या बियांत सोरालेन असतं. ते त्वचेवर असताना ऊन लागलं तर त्वचा भाजते, फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात. कोडावरच्या उपचारात त्वचारोगतज्ज्ञ सोरालेन आणि अतिनील किरण वापरतात, पण मात्रा मोजून, देखरेखीखाली. घरापासून स्टेशनपर्यंत अकरा वाजताच्या उन्हात चालत जाणाऱ्या बाईच्या गालावर ते नको. बावचीपासून मिळणारं बाकुचिओल हा प्रसाधनांत वापरला जाणारा पदार्थ वेगळा, पण तेही सोरालेन काढून टाकलेलं, शुद्ध केलेलं घ्यावं लागतं. लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हात जाऊ नये तेही काहीसं याच कारणाने.

कुणालाही डबी देण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, सात दिवस लावून बघायला सांगा. एका रात्रीत काही झालं नाही म्हणजे चालतं असं नसतं. अॅलर्जी बऱ्याचदा चौथ्या-पाचव्या दिवशी उमटते. ही चाचणी ग्राहकाच्या स्वतःच्या खात्रीसाठी आहे. विक्रीआधीची सुरक्षा चाचणी त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली वेगळी करावी लागते.

टिकाऊपणा अंदाजाने लिहू नका. औषधांसाठी जी वेगवान चाचणी करतात ती ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेला सहा महिन्यांची. त्यात महत्त्वाचं हे की शेवटी क्रीम फाटलं का, वास आला का एवढंच बघायचं नसतं, तुम्ही ठरवलेला पदार्थ किती शिल्लक आहे हेही मोजायचं असतं. मुंबई-ठाण्यात एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या बऱ्याच प्रयोगशाळा आहेत. एचपीएलसी या घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर त्या मोजून देतात. ग्रॅममागे एकूण जंतू १००० पेक्षा जास्त नकोत, डोळ्यांभोवती किंवा लहान मुलांसाठी असेल तर १००. आणि प्रिझर्वेटिव्हची चॅलेंज टेस्ट करून घ्या: त्यात क्रीममध्ये मुद्दाम जंतू आणि बुरशी सोडून ती २८ दिवसांत किती मरतात ते बघतात. ही चाचणी महाग वाटेल. पण सगळ्या खर्चात एकच करायची झाली तर मी हीच करेन.

घरी त्याआधीची चाळणी मात्र फुकट होते. एकाच पाककृतीच्या तीन वेगवेगळ्या बॅच करा. प्रत्येकीतली एक डबी फ्रीजमध्ये, एक कपाटात, एक ओट्याजवळ गरम जागी आणि एक खिडकीत उजेडात ठेवा. दर आठवड्याला रंग, वास, पीएच लिहून ठेवा आणि डबीचं वजन करा. झाकणातून पाणी उडत असेल तर वजन सांगेल. तिन्ही बॅच सारख्या वागल्या नाहीत तर दोष अर्कात किंवा तुमच्या फिरवण्यात आहे. तेल आणि पाणी दोन्ही ७५ अंशांपर्यंत तापवून मग एकत्र करता का, हे तेव्हा तपासा. खोबरेल नुसतं वितळवून कोमट काढ्यात फिरवलं तर क्रीम थोड्या दिवसांत फाटतंच.

परवान्याचं थोडक्यात. घरच्या ओट्यावर केलेलं क्रीम विकता येत नाही. सौंदर्यप्रसाधन म्हणून विकायचं तर कॉस्मेटिक्स रूल्स २०२० खाली सीओएस-८ परवाना, किंवा दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून घ्यायचं तर सीओएस-९ म्हणजे लोन लायसन्स. आयुर्वेदिक औषध म्हणून विकायचं तर २५-डी परवाना, आणि शेड्यूल टी या उत्पादनाच्या नियमांप्रमाणे जागा. अंबरनाथ, वसई पट्ट्यात दुसऱ्यांचा माल बनवून देणारे कारखाने आहेत. सुरुवातीला तोच मार्ग परवडेल. कोणत्या रांगेत उभं राहायचं ते डबीवर काय लिहिता त्यावर ठरतं. ‘त्वचा मऊ ठेवते’ हे प्रसाधन. ‘एक्झिमा बरा करते’ लिहिलं की ते औषध झालं, मग आत काहीही असो. कोडाचं तर नावही काढू नका, १९५४च्या जाहिरातविषयक कायद्याच्या यादीत तो आजार आहे.

तुमच्या जागी मी असते तर या पावसाळ्यात क्रीमची विक्री थांबवून ज्येष्ठमधाचं सिद्ध तेल आणि बाम एवढ्यावरच काम केलं असतं, आणि चेहऱ्याच्या क्रीमसाठी प्रमाणित अर्काचे छोटे नमुने मागवले असते. ज्यांच्याकडे आत्ताच्या डब्या आहेत त्यांना मात्र आजच फोन करून त्या टाकून द्यायला सांगा, ठिपके दिसत नसले तरी. सिद्ध तेल केलंत की कल्काची वात तडतडली का, तेल किती आटलं आणि वास कसा आला ते लिहा. त्यावरून बामचं प्रमाण नेमकं बसवून देते.